शेपूट नदीकडे

१

कार्बनची नळी मोडते तेव्हा कडाक् असा आवाज होतो, वाळल्या फांदीसारखा. त्या रविवारी तो एकाखेरीज कुणाच्याच कानी गेला नाही आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

काशीत पंचगंगा घाटासमोर, गंगेच्या पलीकडे, थंडीत मैलभर रेती उघडी पडते. माघातल्या शेवटच्या रविवारी तिथे ग्लायडर मंडळाची वार्षिक स्पर्धा होती. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं, हातातल्या रिमोटवर चालणारं छोटं विमान. रबराच्या लांबलचक दोरीनं ते पतंगासारखं वर खेचायचं, दोरी सुटली की तापल्या रेतीवरून वर चढणारी हवा हुडकायची, तिच्या जिवावर दहा मिनिटं तरंगायचं आणि शेवटी चुन्यानं आखलेल्या वर्तुळात अलगद उतरवायचं. एवढाच खेळ. त्यापायी माणसं वर्षभर लाकूड तासत बसतात आणि घरचे कपाळाला हात लावतात.

दोन फेऱ्या झाल्या होत्या. मधल्या सुट्टीत मंडळी काठाला लावलेल्या नावेत कचोरी-जिलेबीवर ताव मारून बाराच्या सुमाराला परतली आणि सगळ्यांत पुढे असलेली हिमानी पाटणकर किंचाळली.

"सर! अरे देखिए, तुमचं ग्लायडर!"

वेणीमाधव सप्रे मास्तरांचं ग्लायडर आपल्या जागी पडलं होतं. नाक धड, पंख धड. मागची काळी नळी मात्र मोडली होती आणि शेपूट रेतीत रुतलं होतं. मास्तर सत्तरीचे, विद्यापीठाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. काशीतल्या उडवणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांनीच शिकवलेलं, आणि आजही पहिल्या नंबरावर तेच होते. ते घोळक्यातून पुढे आले, गुडघ्यांवर बसले आणि नळी हातानं चाचपत राहिले.

"कुणाचा उद्योग हा?" मंडळाचे चिटणीस गोपीनाथ शेवडे गरजले.

"मी पाहिलं," हिमानी म्हणाली. "मी नावेच्या टोकावर उभी होते. सुशांत सरांच्या ग्लायडरवर वाकला होता. दोन्ही हातांनी धरलं होतं त्यानं."

सगळ्या माना वळल्या. सुशांत भोयर अठ्ठावीस वर्षांचा, बँकेत अधिकारी, नागपूरहून बदलीवर आलेला. मंडळात येऊन त्याला सहा महिने झाले होते. गुणांत तो दुसरा होता, म्हणजे मास्तर बाद झाले की पहिला.

"हात लावला मी," तो म्हणाला, "पण तोडलं नाही जी."

मग एकच गलका उसळला. दुसऱ्याच्या ग्लायडरला हात लावायचा नाही हा या मंडळाचा पहिला नियम, खुद्द मास्तरांनी घातलेला. त्यामुळे पोरानं अर्धा गुन्हा स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखं झालं. गोपीनाथांनी तिथेच फर्मान काढलं. संध्याकाळी सहाला त्यांच्या घरी बैठक, सुशांतचं नाव कमी, आणि बाकीच्या शहरांतल्या मंडळांनाही पत्र. "बघू कुठल्या मैदानावर पाय ठेवतोस ते!"

सुशांतचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला.

"सहा वाजेपर्यंत मला वेळ द्या."

२

आवाज वैदेही पुणतांबेकरांचा होता. मंडळात त्यांचं काम वेळ मोजायचं. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात वही. वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही. रेल्वेत तीस वर्षं अपघातांच्या चौकशीत जबाब टिपून घ्यायचं काम त्यांनी केलं होतं. तिथे त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. खरं बोलणारा माणूस "गाडी आली तेव्हा" म्हणतो, आणि बनवून सांगणारा घड्याळातला काटा सांगतो.

त्या दूधविनायक मोहल्ल्यात दोन खोल्यांत एकट्या राहत. आई जाऊन चार वर्षं झाली होती. सोमवार ते शनिवार दूधवाला आणि भाजीवाला सोडून त्यांच्याशी बोलायला कुणी नसे. शनिवारी रात्री मात्र त्या साडीला इस्त्री करत, कारण रविवारी त्या मास्तरांच्या खांद्यापाशी उभ्या राहत. मास्तर एका कानात इअरफोन घालून उडवत आणि म्हणत, "वैदेहीबाई, बोलत राहा. तुमचा आवाज असला की हात स्थिर राहतो." गेलं वर्षभर ते हे म्हणत होते. बाई ते वाक्य आठवडाभर पुरवून पुरवून वापरत. आता एकट्या बाईनं एवढ्याशा वाक्यावर जगू नये हे खरं, पण जगतात माणसं.

शेवटची फेरी पुढच्या रविवारवर ढकलून सगळे नावेकडे गेले तरी बाई ग्लायडरापाशीच थांबल्या. ओळीनं बारा ग्लायडरं पडली होती. सकाळी पछुआ म्हणजे पश्चिमेचा वारा होता, म्हणून प्रत्येकानं आपापलं नाक नदीकडे करून ठेवलं होतं. ग्लायडराचं नाक वाऱ्याकडे नसलं तर झुळूक त्याला उलथवून टाकते. आता बाराच्या बारा नाकं पूर्वेला होती. मोडलेल्याचंसुद्धा नाक पूर्वेला आणि शेपूट नदीकडे.

त्यांनी वही उघडली. नावेत बसल्या असताना त्यांचा पदर उलट्या अंगाला उडाला होता, तेव्हा सवयीनं टिपलेलं होतं : अकरा पस्तीस, पुरवा. पूर्वेचा वारा.

"रबराच्या दोरीचा खुंटा कुणी हलवला हो?" लांबून गोपीनाथ ओरडत होते. "सकाळी या टोकाला ठोकला होता, आता पार त्या टोकाला!"

मास्तर अजून तिथेच उभे होते. बाईंनी विचारलं, "मास्तर, सुट्टीत तुम्ही कुठे होता?"

"पाण्यात उभा होतो. मध्यान्हीची संध्या करायला गेलो होतो ना. बरोबर अकरा पन्नासला अर्घ्य दिलं, तिथून थेट नावेकडे आलो आणि तुमच्या सगळ्यांबरोबर परत."

"इकडे फिरकला नाहीत?"

"नाही."

बाईंनी मान डोलावली. मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा ओला गमछा, सगळे परतले तेव्हापासूनच, टाकलेला होता. बाईंनी तो उचलला, मोडकं शेपूट त्यात गुंडाळलं आणि ग्लायडराबरोबर त्यांच्या हातात दिलं. गमछ्यातून पाणी ठिबकत होतं. मास्तर "आभारी आहे" म्हणाले, आणि ते नेहमीप्रमाणे म्हणाले नाहीत असं बाईंना वाटलं.

३

सुशांत नावेत सगळ्यांपासून दूर, शेवटच्या फळीवर बसला होता. त्याच्या शेजारी कुणी बसेना. बाई जाऊन बसल्या.

"सांग."

"काय सांगू, काकू? कोणी ऐकून घेते का?"

"मी ऐकतेय ना. हात का लावलास?"

"हवा फिरली तेव्हा मी एकटाच होतो रेतीवर. आमच्या नागपूरच्या मैदानावर रीत आहे जी, हवा फिरली की जो जवळ असेल त्यानं सगळ्यांची ग्लायडरं फिरवायची. नाही फिरवली तर लोक शिव्या घालतात. म्हणून मी बाराही फिरवली. जागच्या जागी, नाक इकडून तिकडे. इथे हात लावणं पाप आहे हे मला माहीत होतं, पण मास्तरांच्या ग्लायडरचा पंख उचलत होता वाऱ्यानं. पडू देऊ का मी?"

"मग?"

"मग दोरी काढायला गेलो. ती उलट्या दिशेला लावावी लागते ना. दीडशे मीटर गुंडाळा, खुंटा उपटा, तिकडे ठोका. पाठ होती माझी. परत आलो तर ही बोंबाबोंब."

"हे तिथेच का नाही सांगितलंस?"

तो खाली पाण्याकडे बघत राहिला. "मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघावं, म्हणजे सांगीन, असं वाटलं. पण ते बघतच नाहीत, काकू. सहा महिने झाले, दर रविवारी समोर उभा राहून हात जोडतो, तर भिंतीकडे पाहावं तसं बघतात. मला वाटलं बाहेरचा आहे म्हणून असंल. गोपीनाथ काका म्हणतात की त्याच अपमानाचा राग काढला मी. काढला असता तर बरं झालं असतं बापा."

नाव मध्यावर आली होती. सुशांत हळू आवाजात पुढे म्हणाला, "खोलीवर गेलं की कुलूप काढतो आणि कुलूप लावतो, एवढंच काम आहे मला या शहरात. रविवार तेवढा होता."

हेच वाक्य बाई स्वतःबद्दल बोलू शकल्या असत्या. पोरगा "हवा फिरली तेव्हा" म्हणाला होता, घड्याळ त्यानं सांगितलं नव्हतं. मग घड्याळ कुणी सांगितलं होतं?

तो विचार मनात आला आणि बाईंनी तो तसाच मागे ढकलला.

४

गोपीनाथ शेवडे घाटाच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसले होते. पंचगंगेच्या पायऱ्या साठीच्या माणसाची परीक्षा बघतात.

"माझ्यावर संशय घ्या खुशाल," ते म्हणाले. "मी मास्तरांविरुद्ध तक्रार केली होती, लपवत नाही. ते पोटात यंत्र बसवलेलं असतं ना ग्लायडराच्या, वर चढतंय की खाली पडतंय ते कानात सूर काढून सांगणारं? आमच्या स्पर्धेत ते चालू नये असं माझं म्हणणं. निदान कानात दडपू नये, चार माणसांत असताना असं कान बंद करून उभं राहणं बरं दिसत नाही. पण म्हणून ग्लायडर मोडीन? सुट्टीभर मी नावेपाशी फोनवर होतो. मुलीचं सासर, दुसरं काय!"

"हाँ बहिनजी," नावाडी विष्णु दोर बांधता बांधता म्हणाला. "पूरा टाइम चिल्लात रहलन. हमार कान पक गयल."

"आणि काय हो," गोपीनाथ उठता उठता पुटपुटले, "माणूस म्हातारपणी बदलतो तो असा. चाळीस वर्षं मास्तरांचं ग्लायडर पांढरंशुभ्र. रंग दिला की वजन वाढतं म्हणून आम्हाला ओरडायचे. आणि गेल्या वर्षापासून बघा, पंखाखाली हे एवढाले नारिंगी आणि काळे पट्टे. सर्कशीचा तंबू नुसता!"

हिमानी वरच्या पायरीवर एकटी बसली होती. ती कॉलेजात शिकवते. दहा वर्षांपूर्वी मास्तरांच्या हाताखाली उडवायला शिकली. आज तिसरी होती.

"ताई, मी खोटं नाही बोलले," ती म्हणाली. "त्याला वाकलेलं पाहिलं मी. मोडताना नाही पाहिलं, ये भी सच है."

"मला तुझ्यावर संशय नाही ग. मास्तरांचं काय बिनसलंय ते विचारायचंय."

हिमानीनं ओठ आवळले. "पता नहीं. पूर्वी माझं लँडिंग एक हात चुकलं तरी सर अर्धा तास बोलायचे. नाक उशिरा उचललंस, वाऱ्याला पाठ दिलीस, असं सगळं. आता वर्ष झालं, काहीच बोलत नाहीत. आज मी वर्तुळाच्या बाहेर पडले, चांगली दहा पावलं. मी विचारलं, सर कसं झालं? म्हणाले, छान. छान! मला रडू आलं, ताई. आपण त्यांच्या हिशेबी उरलोच नाही असं वाटलं."

बाई पायरीवरच खाली बसल्या. हिमानीनं विचारलं, "क्या हुआ?" बाईंना सगळं कळलं होतं, आणि आपल्याला कळलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

५

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा केला नाही. वही पुढ्यात घेऊन बसल्या. जबाब समोर ठेवून बसायची तीस वर्षांची सवय होती.

पहिली गोष्ट गमछा. मास्तर म्हणाले होते, पाण्यातून थेट नावेकडे आणि तिथून सगळ्यांबरोबर परत. मग पाण्यात नेलेला गमछा आधीच खुर्चीवर वाळत कसा पडला? सगळे पोचले तेव्हा तो तिथे होता, ठिबकत. म्हणजे मास्तर मध्येच एकदा खुर्चीपाशी येऊन गेले होते. ग्लायडर खुर्चीपासून तीन पावलांवर. येऊन गेले आणि आलो नाही म्हणाले.

दुसरी गोष्ट शेपूट. ग्लायडराचं नाक आखूड, शेपूट लांब. सकाळी नाक नदीकडे होतं, तेव्हा नदीकडून खुर्चीकडे येणाऱ्याची वाट मोकळी होती. सुशांतनं जागच्या जागी फिरवलं आणि ती लांब काळी नळी बरोबर त्या वाटेवर आडवी आली. नदीकडून आलेल्या माणसाचा पाय तिच्यावर पडला. सुशांत त्या वेळी दीडशे मीटरवर दोरी ओढत होता. आणि जाणूनबुजून मोडायचं असतं तर आधी बारा ग्लायडरं वाऱ्याकडे वळवायची काळजी कोण करतं?

पण उन्हाचं, भरदुपारी, स्वतःचंच ग्लायडर पायाखाली येतं कसं?

तर ते दिसत नसलं की येतं. पंखाखालचे भडक पट्टे, कानातला सूर, हात जोडणाऱ्या पोराकडे भिंतीसारखं बघणं, वर्तुळाबाहेर पडलेल्या हिमानीला "छान" म्हणणं. मास्तरांना दिसत नव्हतं. ते रेतीवर पावलं मोजून चालत होते आणि त्यांची सगळी भिस्त एका नियमावर होती : इथे कुणी कुणाच्या ग्लायडरला हात लावत नाही. ठेवलं तिथे, ठेवलं तसंच ते असणार. नागपूरच्या पोरानं भलेपणानं तेवढाच नियम मोडला.

आता उरली शेवटची गोष्ट, आणि ती वहीत लिहिलेली नव्हती. "वैदेहीबाई, बोलत राहा." डावीकडे घ्या मास्तर, वर्तुळ समोर आहे मास्तर, दोन हात वर आहे, आता टेकवा. वर्षभर बाई बोलत होत्या आणि मास्तर त्यांच्या बोलण्यावर विमान उतरवत होते.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एकसष्टाव्या वर्षी स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त दुःख झालं.

रडून झाल्यावर एक विचार हळूच आला. गप्प बसलं तर? मास्तर ग्लायडर जोडतील, पुढच्या रविवारी पुन्हा खांद्यापाशी उभं राहता येईल. जाईल फक्त तो पोरगा, आणि बँकेचे लोक काय, आज इथे तर उद्या तिथे.

घड्याळात साडेचार झाले होते. बाईंनी तोंड धुतलं, एक कोरा कागद घेतला आणि त्या मास्तरांच्या घराकडे निघाल्या.

६

मास्तर तीन गल्ल्या सोडून राहत. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. खोलीभर लाकडाचे पंख टांगलेले होते.

"मी वैदेही," बाईंनी दारातच सांगितलं. "आजच्या गुणांचा कागद आणलाय. बघून सही करता?"

मास्तरांनी कागद घेतला, खिडकीपाशी नेला, जरा तिरपा धरला, वरून खाली नजर फिरवल्यासारखं केलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि बोटानं कागदाची कड चाचपून खाली सही केली.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "कागद कोरा आहे."

मास्तरांच्या हातातलं पेन खाली पडलं. ते त्यांनी उचललं नाही. ते खाटेवर बसले.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"सव्वा वर्ष. मधला भाग गेला, कडा उरल्यात. तुमच्याकडे सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग दिसतो. जरा बाजूला बघितलं तर पदर दिसतो तुमचा. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवा, गेलेलं येणार नाही."

"आणि आज?"

"एकवीस पावलं पाण्यापासून खुर्ची. सकाळीच मोजून ठेवली होती. सतराव्याला पायाखाली कडाक् वाजलं." त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. "स्वतःच्या हातानं केलेलं, दोन महिने खपून. गमछा खुर्चीवर टाकला, खाली बसून चाचपलं तर शेपूट भलत्याच बाजूला. मला वाटलं डोक्यातच काही बिघडलं माझ्या. मग तुमचे सगळ्यांचे आवाज जवळ यायला लागले आणि मी पळालो, वैदेहीबाई. चोरासारखा नदीकडे पळालो."

"पोराचं नाव घेतलं तेव्हा?"

"तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर रिमोट काढून घेतला असता हातातला. आणि बरोबरच केलं असतं, माणसांच्या डोक्यावरून आंधळ्यानं विमान उडवायचं म्हणजे काय! पण मग रविवारी करायचं काय मी? इथे या पंखांखाली बसून राहायचं?"

बाईंना विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "मला वाटायचं, तुम्हाला माझं बोलणं आवडतं."

मास्तरांनी मान वळवली, बाईंच्या जरा डावीकडे बघितलं.

"डोळे हवे होते," ते म्हणाले. "तुमच्याशी आता खोटं नाही बोलणार."

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाईंनी वही बंद केली.

"सहाला बैठक आहे. तुम्ही येऊन सांगायचं."

"आणि नाही आलो तर?"

"तर मी सांगेन," बाई म्हणाल्या, आणि उठल्या.

७

अमृतराव घाटावरच्या गल्लीत गोपीनाथांचं घर. सहा वाजून दहा मिनिटं झाली तरी मास्तर आले नाहीत. सुशांत दाराजवळ उभा होता, कुणी बस म्हटलं नव्हतं. गोपीनाथांनी ठरावाचा कागद वाचायला घेतला.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली. "अकरा पस्तीसला वारा फिरला. त्यानंतर—"

"त्यानंतरचं मी सांगतो."

मास्तर दारात उभे होते. भिंतीला हात लावत लावत जिना चढून आले होते, सदऱ्याची एक बाही चुन्यानं पांढरी झाली होती.

त्यांनी लांबण लावली नाही. ग्लायडर माझ्याच पायाखाली आलं. मला दिसत नाही. सव्वा वर्ष तुम्हाला सगळ्यांना फसवलं. या मुलानं ते वाऱ्याकडे वळवून वाचवलं होतं, आणि त्याच्या नावानं मी गप्प बसलो. ही सगळ्यात वाईट गोष्ट. त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा.

मग सुशांत पुढे झाला आणि मास्तरांचे हात हातात घेऊन म्हणाला, "विचारल्याशिवाय फिरवलं, चूक माझीही आहे, काका." गोपीनाथांनी ठराव फाडला, सुशांतला खुर्ची दिली आणि स्वयंपाकघराकडे बघून उगाचच चहासाठी ओरडले. हिमानी रडत होती आणि भांडतही होती. "मुझे तो बता देते, सर! मला वाटलं मीच वाईट उडवते!"

मास्तरांनी पिशवीतून रिमोट काढला आणि आवाजाच्या रोखानं हिमानीकडे धरला. "दहा पावलं बाहेर पडलीस म्हणे आज," ते म्हणाले. "नाक उशिरा उचलतेस तू. नेहमीचंच आहे तुझं."

सगळे हसले. वैदेहीबाई हसल्या नाहीत. मास्तर त्यांच्या बाजूला एकदाही वळले नव्हते.

८

पुढच्या रविवारी नाव पंचगंगेहून वेळेवर सुटली. बाईंच्या शेजारची फळी रिकामी होती. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, गोपीनाथ तर दोनदा म्हणाले की तुम्ही पोलिसांत हव्या होता. राहिलेली शेवटची फेरी झाली. सुशांतची वेळ बाईंनी मोजली.

"काकू, मध्ये बोलू नका जी," तो अदबीनं म्हणाला. "शेवटचे तीस सेकंद तेवढे सांगा. नाही तर ध्यान जाते."

तो जिंकला. सगळ्यांत आधी येऊन बाईंच्या पाया पडला आणि मग पोरांच्या घोळक्यात शिरला. त्याला आता शेजारी बसवायला सगळे तयार होते. बाईंना त्याच्यासाठी खरंच आनंद झाला. आपण योग्य तेच केलं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि परतीच्या नावेत त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

दुपारी घरी जाण्याऐवजी त्या तीन गल्ल्या पुढे गेल्या. मास्तरांच्या दारापाशी पोचल्यावर मात्र पाय थबकले. हा माणूस आता आपलं तोंड बघणार नाही, असं मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या शब्दांचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी कडी वाजवून टाकली.

मास्तरांनी दार उघडलं. बाई गप्पच राहिल्या. नाव सांगितलं नाही तर आल्या पावली परत जाता येईल, आणि कोण आलं होतं ते यांना कधी कळणारसुद्धा नाही.

"मी वैदेही," त्या म्हणाल्या.

मास्तर दार धरून उभे राहिले. आठ दिवसांची दाढी वाढली होती. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना फडक्याची चिंधी गुंडाळलेली होती.

"तुमचा राग आला होता मला," ते म्हणाले. "अजून थोडा आहे."

"असू दे," बाई म्हणाल्या. "मलाही आहे."

मास्तर दारातून बाजूला झाले. "या. चहाची वेळ झालीय, पण गॅस तुम्हीच पेटवा. ती निळी आच दिसत नाही मला. परवा हात त्यातच घातला."

त्यांनी हे आपण होऊन सांगितलं होतं. वैदेहीबाईंनी चपला दारात काढल्या आणि काडेपेटी कुठे असते ते विचारलं.